जामखेडला जाऊन आलो, ताईंचा क्लास बघाच
मागच्या महिन्यात जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात जाऊन आलो, तोच तो, डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळेंनी १९७० साली सुरू केलेला, त्या दोघांना १९७९ ला मॅगसेसे पुरस्कार मिळालेला. आम्हाला वाटलं पीपीटी दाखवतील, पण शिकवायला उभ्या राहिल्या खेड्यातल्या एक ताई, शाळा फारशी न शिकलेल्या, आणि काय बोलतात राव! जुलाब झाल्यावर द्यायचं साखर-मिठाचं पाणी करून दाखवलं, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, मग स्वतः चाखून म्हणाल्या, "डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या, परत करा." हे कुठला डॉक्टर सांगतो? बाहेरच्या देशातले लोकपण इथे शिकायला येतात ते उगाच नाही. एकच तक्रार, दुपारचं सेशन जेवल्यावर लगेच ठेवू नका, निम्मे पेंगत होते (मी पण). बाकी गावातल्या लॉजला अर्धा स्टार, पंखा नुसता आवाज करत होता. आशा ताईंना (गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या) घेऊन जाणार असाल तर दोन दिवस तरी काढाच, एका दिवसात नुसती धावपळ होते.