क्लॅरिनेट की आल्टो सॅक्सोफोन: गोव्यातील नवशिक्यासाठी तुलनात्मक आढावा

भजन आणि नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्या गोमंतकीय तरुणाला फुंकवाद्य शिकावेसे वाटले, तर निवड बहुधा क्लॅरिनेट आणि आल्टो सॅक्सोफोन या दोहोंत येऊन थांबते. दोन्ही वाद्ये एकेरी रीडवर, म्हणजे माउथपीसला बसवलेल्या बोरूच्या एका पातळ पट्टीवर, वाजतात आणि दोन्ही युरोपातून आली: क्लॅरिनेट १७०० च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्तोफ डेनर यांच्याकडून, तर सॅक्सोफोन बेल्जियमच्या अडॉल्फ साक्स यांच्याकडून, ज्यांनी १८४६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र खरा फरक नळीच्या आकारात आहे.

सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी रुंदावत जाते. त्यामुळे बोटे तशीच ठेवून अंगठ्याने सप्तकाची चावी दाबली की तोच सूर वरच्या सप्तकात निघतो. क्लॅरिनेटची नळी बहुतेक लांबीत एकाच रुंदीची असते आणि रीडच्या बाजूने ती बंद नळीसारखी वागते. म्हणून तिथे हीच कृती केली असता सूर एक सप्तक ओलांडून आणखी पंचमाइतका वर जातो, म्हणजे ज्या बोटांवर ‘सा’ वाजतो त्याच बोटांवर वरच्या सप्तकातील ‘प’ मिळतो. परिणामी बोटांची मांडणी दोनदा शिकावी लागते. त्यातच खालच्या आणि वरच्या सुरांच्या मधल्या सांध्यावर एका सुराला जवळजवळ सगळी छिद्रे उघडी, तर लगेच पुढच्या सुराला सगळी बंद अशी स्थिती येते. एखादे बोट जरासे सरकले तरी सूर किंचाळतो, आणि हा टप्पा सहज ओलांडता येईपर्यंत पुष्कळ विद्यार्थी खचतात. गुरूने याच ठिकाणी धीर धरायला शिकवले पाहिजे.

या कष्टांचे मोल मोठे आहे. क्लॅरिनेटचा पल्ला साडेतीन सप्तकांहून अधिक, तर सॅक्सोफोनचा नेहमीचा पल्ला सुमारे अडीच सप्तकांचा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्लॅरिनेटच्या मुख्य छिद्रांवर बोटे प्रत्यक्ष टेकतात. बोट हळूहळू उचलून, ओठांची पकड किंचित सैल करून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, घेता येते. सॅक्सोफोनवर बोट आणि छिद्र यांच्यामध्ये पॅड असल्याने हे काम मुख्यतः ओठांवर येते. ते अशक्य नाही, हे कर्नाटक संगीतात कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी दाखवून दिले. पण नवशिक्याने ते गृहीत धरू नये.

तोंडाची ठेवण दोन्हीकडे साधारण सारखीच: खालचा ओठ दातांवर हलकेच वळवायचा, वरचे दात थेट माउथपीसवर टेकवायचे, गाल फुगू द्यायचे नाहीत. क्लॅरिनेटला पकड घट्ट आणि हनुवटी ताणलेली लागते. सॅक्सोफोनला सैलसर पकड चालते, त्यामुळे ऐकण्याजोगा पहिला सूर तिथे लवकर निघतो.

पेटीसोबत वाजवणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. नेहमीच्या क्लॅरिनेटवर ‘सी’ म्हणून लिहिलेला सूर काळी पाचमध्ये ऐकू येतो, तर आल्टो सॅक्सोफोनवर तोच काळी दोनमध्ये.

गोव्याच्या हवेचाही विचार हवा. लाकडी क्लॅरिनेट वातानुकूलित खोलीतून पावसाळी हवेत वारंवार नेला तर त्याला तडा जाण्याचा धोका असतो. म्हणून पहिले वाद्य प्लॅस्टिकचेच घ्यावे, त्याचा सूर शिकण्यापुरता पुरेसा चांगला असतो. सॅक्सोफोनची पितळी नळी हवामान सोसते, पण त्याचे चामडी पॅड दमटपणाने चिकट होतात. वाजवून झाल्यावर दोन्ही वाद्ये आतून पुसावीत आणि रीड सपाट ठेवून वाळवावी.

लग्नाच्या बँडमध्ये लवकर उभे राहायचे असेल, किंवा मडगावचे कोकणी गीतांचे संगीतकार ख्रिस पेरी यांच्या गाण्यांतला जॅझचा बाज खुणावत असेल, तर सॅक्सोफोन घ्यावा. उघड्यावर त्याचा आवाज दूरवर पोहोचतो. ज्याच्या गळ्यात अभंग आणि नाट्यपदे बसली आहेत, त्याने मात्र क्लॅरिनेटच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लॅरिनेटवरून सॅक्सोफोनकडे वळणे पुढे सोपे जाते, उलट दिशेने जाणे कठीण. सुरुवातीला दोन किंवा अडीच क्रमांकाची, म्हणजे मऊसर, रीड घ्यावी आणि पहिले काही आठवडे खालच्या सप्तकातले लांब सूरच धरावेत.