ओपीडीत शिकवायचं कसं: वन मिनिट प्रिसेप्टर की स्नॅप्स?

आमच्या मेडिकल कॉलेजच्या एमईयूत, म्हणजे शिक्षकांना शिकवायला शिकवणाऱ्या विभागात, दर काही महिन्यांनी हा प्रश्न निघतो. नव्या असिस्टंट प्रोफेसरांना ओपीडीत शिकवण्याची एकच पद्धत शिकवायला वेळ असेल, तर कोणती शिकवावी? शिकवण्याचा बेसिक कोर्स सगळ्यांचा झालेला असतो, बढतीसाठी लागतोच तो. पण तिथून शिकून आलेलं बरंचसं लेक्चर हॉलच्या कामाचं. टेबलावर केसपेपरांचा गठ्ठा, दाराशी वॉर्डबॉय मामा रांग आवरताहेत आणि पाठीशी सहा यूजी (एमबीबीएसचे विद्यार्थी) उभे, तेव्हा लेसन प्लॅन कुणाला आठवतो?

दोन्ही पद्धती मी वापरल्या आहेत. आधी तीनेक वर्षं वन मिनिट प्रिसेप्टर, मग स्नॅप्स. पायऱ्या बहुतेकांना पाठ असतील, तरी थोडक्यात: वन मिनिट प्रिसेप्टरमध्ये शिक्षक विद्यार्थ्याला निदान विचारतो, मग त्याचा पुरावा विचारतो, एखादा नियम शिकवतो, बरोबर काय केलं ते सांगतो आणि चूक सुधारतो. स्नॅप्समध्ये विद्यार्थीच केसचा गोषवारा सांगतो, दोन-तीन शक्यता मांडून त्या पडताळतो, शिक्षकाला प्रश्न विचारतो, उपचार ठरवतो आणि वाचायचा विषय निवडतो. पहिली पद्धत १९९२ साली अमेरिकेत नेहर आणि सहकाऱ्यांनी मांडली, दुसरी २००३ साली वोलपॉ दांपत्य आणि पॅप यांनी. खरा फरक एवढाच की पहिलीत सूत्रं शिक्षकाकडे असतात, दुसरीत विद्यार्थ्याकडे.

शिकवायला वन मिनिट प्रिसेप्टर सोपी, याबद्दल वाद नको. तासाभरात रोल प्ले घेऊन होते. एक जण विद्यार्थी, एक जण शिक्षक, तिसरा घड्याळ धरून. ज्येष्ठांना सर्वांत अवघड काय जातं, तर ‘तुला काय वाटतं?’ विचारल्यावर गप्प बसणं. वीस वर्षं शिकवलेला माणूस चार सेकंदही थांबू शकत नाही, हे प्रत्येक वर्कशॉपमध्ये दिसतं, आणि सगळे हसतात. मीही त्यातलाच. विद्यार्थ्यांची मात्र काहीच तयारी लागत नाही. गर्दीच्या सोमवारी हा मोठाच फायदा.

मग मी ती सोडली का? खरं सांगायचं तर एका ‘का?’ पायी.

विद्यार्थ्याने निदान सांगितलं की पुढची पायरी पुरावा विचारण्याची. इंग्रजी लेखात ती छान वाटते. आपल्याकडे मात्र ‘का?’ हा शब्द पोरं लहानपणापासून कशासाठी ऐकत आलीत? उशीर का झाला, गृहपाठ का नाही केला, मार्क कमी का. फायनल इयरची एक मुलगी पंचावन्न-छपन्न वर्षांच्या बाईंची केस सांगत होती. थकवा, जिना चढताना धाप, पाय जड. ती म्हणाली, ‘अॅनिमिया, सर.’ मी विचारलं, ‘का?’ ती लगेच, ‘सॉरी सर, हार्ट फेल्युअर.’ मी पुन्हा विचारलं, तर हायपोथायरॉइड. तिचं पहिलं उत्तर बरोबर होतं. त्या बाईच शेवटी म्हणाल्या, ‘राहू द्या ना डॉक्टर, पोरीला कशाला रागावताय?’ मी रागावलो नव्हतो हो! पण स्टुलावर बसलेल्या पेशंटलाही तसं वाटलं, म्हणजे त्या मुलीला काय वाटलं असेल?

शब्द बदलून पाहिले. ‘कशावरून?’ हे तर सरळ व्हायवाच, म्हणजे तोंडी परीक्षा. ‘आणखी काय काय डोक्यात आलं?’ हे त्यातल्या त्यात बरं चाललं. माझा स्वरच कडक असेल, हेही शक्य आहे. आमच्या युनिटमधल्या एका मॅडम हाच ‘का?’ इतक्या मऊपणे विचारतात की पोरं खुलतात. तुमचा हात तसा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरी गोष्ट हळूहळू लक्षात आली. पायऱ्या शिक्षकाच्या डोक्यात असतात आणि त्याचं अर्धं डोकं रांगेत. वर्कशॉपनंतर दोन-तीन आठवड्यांत माझ्याकडे उरायचं ते एवढंच: एक प्रश्न आणि त्यावर माझं भाषण. ‘हे तू नेमकं बरोबर केलंस’ हे वाक्य सगळ्यात आधी गळायचं.

स्नॅप्सची पहिली आठवण काही चांगली नाही. पहिला आठवडा तर वाया गेल्यासारखा वाटतो. पोरांना समजावा, पायऱ्यांचं कार्ड द्या, एक केस स्वतः त्या पद्धतीने सांगून दाखवा. एवढं करून एका विभागातली पोस्टिंग चार आठवड्यांची, की पुढच्या बॅचला पुन्हा श्रीगणेशा. गोषवारा तीन मिनिटांपेक्षा लांबू नये असं सांगितलं तरी काही जण थेट आजोबांच्या मधुमेहापासून सुरू करतात. शिक्षकाला प्रश्न विचारायची पायरी आली की सगळे जमिनीकडे बघतात, किंवा ‘सर, ट्रीटमेंट काय?’ एवढंच. स्वतः वाचायचा विषय निवडण्याची शेवटची पायरी माझ्याकडे अजूनही अर्धवटच होते.

पण दुसऱ्या आठवड्यापासून चित्र पालटतं. दोन-तीनच शक्यता मांडायच्या असल्याने पुस्तकातली दहा कारणांची यादी घोकणं थांबतं. कारणं विद्यार्थी आपणहून देतो, मला ‘का?’ म्हणावंच लागत नाही. केस इंग्रजीत सांगितली तरी विचार मराठीत मांड, असं मी सांगून ठेवलंय. त्याने फार फरक पडतो, विशेषतः जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्यांना. आणि मी रांगेकडे बघत असलो तरी त्यांच्या एप्रनच्या खिशातलं कार्ड पुढे चालूच राहतं. पद्धत मांडणाऱ्यांच्याच २००९ सालच्या चाचणीत विद्यार्थी आपली अनिश्चितता जास्त मोकळेपणाने बोलून दाखवतात असं दिसलं होतं. माझ्या ओपीडीत मी काही मोजलेलं नाही, पण अनुभव तोच.

वरच्यासारखीच एक केस काही महिन्यांनी आली. हिमोग्लोबिन सात, पेशी लहान आणि फिकट. मी लोहाच्या गोळ्या लिहायला घेतल्या होत्या. मुलगा कार्ड बघत म्हणाला, ‘सर, एक प्रश्न. यांची पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झाली. मग लोह जातंय कुठे?’ शौचाचा रंग, पोटदुखी, सांधेदुखीच्या गोळ्या, यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. केसपेपरवर स्टूल ऑकल्ट ब्लड (शौचातलं न दिसणारं रक्त शोधण्याची तपासणी) आणि स्कोपीसाठी (दुर्बिणीने पोट-आतडी बघण्यासाठी) रेफरन्स लिहिला. माझ्या ‘का?’ ला हा प्रश्न कधीच बाहेर पडला नसता.

तरी सरसकट काही म्हणवत नाही. शिकवणारे रेसिडेंट असतील, समोर इंटर्न असतील आणि दर दोन मिनिटांनी नवा पेशंट असेल, तर वन मिनिट प्रिसेप्टरच द्या. पहिल्याच पोस्टिंगच्या मुलांना यातलं काहीच नको. ‘मी बीपी कसं घेतो ते बघ आणि नंतर मला तीन गोष्टी सांग’ एवढं पुरतं. पण यूजींची चार आठवड्यांची पोस्टिंग हातात असेल आणि पहिला आठवडा गमवायची तयारी असेल, तर मी कार्डं छापून घेईन. आमच्याकडे ती झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून मिळतात, आणि दर बॅचला दोन-तीन हरवतात.