व्हिडिओतलं खरं, पार्सलमधलं खोटं

मल्टिटूल, म्हणजे पक्कड, कात्री, पातं असं सगळं एकात घडी होणारं हत्यार, घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. विशेषतः जे बरंच वाचून, बघून ‘घ्यायचं तर हेच’ असं एकच नाव पक्कं करून बसलेत, त्यांच्यासाठी. फसवणाऱ्याला असंच गिऱ्हाईक हवं असतं. ज्याला यातलं काही कळत नाही तो कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून पक्कड घेतो आणि मोकळा होतो.

मी नाटकांच्या लाईटचं काम करतो. दौऱ्यावर असलो की सकाळी बस थिएटरला लागते आणि दुपारपर्यंत पार, स्पॉट असे सगळे दिवे वरच्या बारवर चढवून, फोकस करून, जिलेटीन (रंगीत पारदर्शक कागद) लावून तयार ठेवावे लागतात. हत्यारांची पेटी खाली असते, आपण घोड्यावर, म्हणजे उंच शिडीवर, असतो, आणि वर गेल्यावर नेमकं जे हवं ते पेटीतच राहिलेलं असतं. म्हणून कमरेला एकच असं हवं होतं, ज्यात पक्कड, कात्री, पातं, स्टारचा स्क्रू ड्रायव्हर आणि तार तोडायची सोय आहे. (मूठ उघड्या धातूची असते, त्यामुळे चालू लाईनला ते कधीही लावू नका. त्यासाठी इन्सुलेटेड पक्कड वेगळीच लागते.)

निवड करताना मी पुष्कळ घोळ घातला. लेदरमन या अमेरिकी कंपनीचं स्केलेटूल वजनाला हलकं, पण त्यात कात्री नाही, आणि जिलेटीन कापायला मला कात्री रोज लागते. व्हिक्टोरिनॉक्सच्या स्विसटूल स्पिरिटची घडण फार सुबक. नुसतं उघडझाप करत बसावंसं वाटतं. पण एका हाताने बार धरलेला असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पातं उघडता यायला हवं होतं, आणि ते लेदरमनच्या वेव्हला जमतं. तिची चारही मोठी पाती बाहेरच्या अंगाला असतात, पक्कड न उघडता काढता येतात. २०१८ साली आलेल्या वेव्ह प्लसमध्ये तार तोडायच्या धारा बदलता येतात, म्हणजे धारेला खाच पडली तर पूर्ण टूल टाकून द्यायला नको. वजन २४१ ग्रॅम, जवळजवळ पाव किलो, पण ते पट्ट्यावर पेलतं. तर ठरलं ते वेव्ह प्लस.

अमेरिकेतच त्याची किंमत शंभर डॉलरच्या वर आहे. इथे आयात होऊन येईपर्यंत आकडा आणखी फुगतो. मग माणूस सेकंडहँडकडे वळतो, आणि इथे आमचे भाऊसाहेब, म्हणजे तो विक्रेता, भेटतात.

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका ठिकाणी त्याची जाहिरात होती. स्वतःला नाशिकचा म्हणवत होता. ‘वेव्ह प्लस, न वापरलेलं, ६,५०० रुपये.’ ही किंमत नीट बघा. दीड हजार लिहिलं असतं तर शेंबड्या पोरालाही संशय आला असता. साडेसहा हजार म्हणजे नकली मालाला कोण कशाला एवढे मागेल, असं वाटायला लावणारा आकडा. बिल का नाही, तर ‘भाऊ मर्चंट नेव्हीत आहे दादा, त्याने बाहेरून आणलंय. त्याला दोन मिळाली, एक काढतोय.’ या एका वाक्यात त्याने बिल, आयातदाराचं स्टिकर आणि वॉरंटीचे कागद असे तिन्ही प्रश्न निकालात काढले.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. मी त्याला प्रश्न विचारत गेलो. तार तोडायच्या धारांचे स्क्रू दाखव म्हटलं, त्याने जवळून फोटो पाठवला. बिट ड्रायव्हरमध्ये चपटा बिट बसतो का दाखव म्हटलं, बसवून दाखवला. आजची तारीख आणि माझं नाव चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेव म्हटलं, तर थेट व्हिडिओच आला. चिठ्ठी, टूल, एका अंगठ्याने पातं उघडणं, खटकन बसणारं लॉक, सगळं. ते टूल खरंच होतं. आजही तो व्हिडिओ पाहिला तर मी ते खरंच आहे असंच म्हणेन. त्याच्याकडे दाखवायला एक अस्सल नग होता आणि पाठवायला नकलांचा गठ्ठा. मी जितका बारीक प्रश्न विचारावा तितका त्याला पुढच्या गिऱ्हाइकासाठी तयार फोटो मिळत होता. चिठ्ठीवाला व्हिडिओ एवढंच सांगतो की ती वस्तू त्या दिवशी त्याच्या हातात होती. पार्सलमध्ये तीच येईल याची हमी त्यात कुठून येणार?

आगाऊ पैसे द्यायला मी नाही म्हटलं, तर त्याने हसतहसत कॅश ऑन डिलिव्हरी केली. इथेच बहुतेकांचा उरलासुरला संशय जातो. पण डिलिव्हरीचा मुलगा आधी पैसे घेतो, मग खोकं हातात देतो. उघडून बघू का म्हटलं तर तो बिचारा म्हणतो, ‘अलाऊड नाही सर.’ त्याचा काही दोष नाही, नियमच तसा आहे. खोकं फोडतानाचा व्हिडिओ मी काढला होता. आत साबणाची वडी किंवा फरशीचा तुकडा निघाला तर तो व्हिडिओ उपयोगाचा. इथे आत मल्टिटूलच निघालं, खोकं तसंच, नायलॉनचं पाऊच तसंच, मुठीवर नाव कोरलेलं. व्हिडिओने सिद्ध काय करणार?

घरात ते झकास वाटलं. थोडं करकरीत होतं, पण नवीन आहे, तेल सोडलं की बसेल, असं वाटलं.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी प्रयोग होता. पार बारला अडकवायच्या क्लॅम्पचा बोल्ट गंजून बसला होता. पकडीने धरून दाबलं, तर बोल्ट जागचा हलला नाही आणि पकडीचे दोन्ही जबडे एकमेकांवरून तिरके सरकले, जणू एक दुसऱ्याला वाट देतोय. मुठी हातात आडव्या वळल्या. खाली उतरून दोन्ही जबडे मिटवून दिव्यासमोर धरले. टोकं टेकली होती, पण मागे जिथे धार असते तिथे फट होती, तीतून चक्क उजेड दिसत होता. मग सेटवाल्यांकडून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेचा तुकडा घेऊन तोडून पाहिला. तार तुटली नाही. धारेवर मात्र अर्धचंद्राकृती खाच उठली, नखाने चाचपता येईल एवढी. बदलता येणाऱ्या धारेचे स्क्रू बघायला गेलो तर ते स्क्रूच नव्हते, स्क्रूच्या आकाराचे खळगे ठोकलेले होते. शेवटी पातं उघडलं, बोटं बाजूला ठेवली आणि पात्याची पाठ लाकडी पेटाऱ्यावर हलकेच दाबली. लॉकने कुरकुर न करता पातं मिटू दिलं. मुठीत बोटं असती तर त्या रात्री लाईट दुसऱ्याला ऑपरेट करावे लागले असते. नकली घड्याळ चुकीची वेळ दाखवेल, नकली लॉक बोट घेऊन जाईल. या दोन फसवणुकींना एकाच मापाने मोजू नका.

टिम लेदरमन १९७५ साली बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडीची, हॉटेलातल्या नळांची दुरुस्ती खिशातल्या चाकूने करताना त्याला सारखं वाटायचं, याला पक्कड असती तर! त्यातून पुढे १९८३ साली त्याचं पहिलं टूल बाजारात आलं. म्हणजे हे सगळं प्रकरण उभंच पकडीवर आहे, आणि नकलेत सगळ्यात आधी हात टेकते ती पक्कडच. मुठीवरचं नाव कोरायला लेझर पुरतो. जबडे अचूक बसवायला आणि पोलादाला नीट पाणी द्यायला खर्च येतो, तो नकलवाला कशाला करेल? म्हणून लोगोचं स्पेलिंग तपासत बसू नका, हल्ली ते बरोबरच असतं. टूल प्रत्यक्ष हातात घ्यायला मिळालं तर पक्कड मिटवून उजेडासमोर धरा. अर्धवट उघडून जबडे बाजूला हलवून बघा. कात्रीने पातळ प्लास्टिक कापा; नकलेत ते कापलं न जाता दोन पात्यांच्या मध्ये दुमडतं. आणि लॉकची परीक्षा, बोटं बाजूला ठेवूनच.

आता दाद मागण्याचं. विक्रेत्याला फोटो पाठवले. ‘जोर जास्त लावला असेल दादा,’ हे उत्तर आलं, आणि नंतर डीपी दिसेनासा झाला. जिथे जाहिरात होती त्यांनी ‘हा दोन व्यक्तींमधला खासगी व्यवहार’ म्हणून हात वर केले. कुरिअरने सांगितलं, पाठवणाऱ्याला त्याचे पैसे पोचते झाले. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे विक्रेत्याला लगेच मिळत नाहीत, मधली कंपनी काही दिवस स्वतःकडे ठेवते. तेवढ्या काळात लेबलवरचा नंबर देऊन लेखी तक्रार केली तर पैसे अडण्याची शक्यता तरी असते. मी टूल घरी कौतुकाने ठेवलं, वापरलं दौऱ्यावर. तोवर गाडी सुटलेली होती. लेबल मात्र मी फाडलं नव्हतं, त्यामुळे त्यावरचं पाठवणाऱ्याचं नाव हाती लागलं. ते जाहिरातीतल्या नावापेक्षा वेगळं, आणि पत्ता नाशिकचा नव्हताच.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘वस्तू मिळाली ना तुम्हाला?’ मिळाली, पण नकली मिळाली, हे समजावताना माझीच दमछाक झाली. तिथे जाताना ‘फसवलं’ एवढंच सांगू नका. नकली ट्रेडमार्कचा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे, त्यात किमान सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हे अर्जातच लिहा. माणूस धंदा म्हणून विकत असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवा. माझे पैसे अजून आलेले नाहीत.

नवीन घेणाऱ्यांनी एक साधी गोष्ट मागावी: खोक्यावरच्या आयातदाराच्या स्टिकरचा फोटो. रीतसर आयात होऊन किरकोळीत विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं ते आणि एमआरपी छापणं वजनमापाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्याबरोबर जीएसटीचं बिल. हे दोन्ही नसेल तर भाऊ मर्चंट नेव्हीत असो की मामा दुबईत, व्यवहार समोरासमोर करा, वस्तू हातात घेऊन, वर सांगितलेलं सगळं करून मग पैसे द्या. कंपनीची २५ वर्षांची हमी खऱ्या नगाला असते, नकलेला त्याचा काही उपयोग नाही.

त्या व्हिडिओतल्या अस्सल नगावर करवतीच्या बाजूच्या मुठीला, बिजागरीजवळ, एक तिरका ओरखडा आहे. परवा तोच ओरखडा मला दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसला. गाव आता कोल्हापूर, किंमत ६,८००, आणि भाऊ मर्चंट नेव्हीतून बदली होऊन कॅनडात गेलाय. मी लगेच ती जाहिरात रिपोर्ट केली, स्क्रीनशॉट तक्रारीला जोडले. तुम्हाला तसाच ओरखडा दिसला तर तुम्हीही करा.