पोपरिंगेचं टॅल्बट हाउस: तासाभरात बघून निघू नका, रात्री मुक्काम करा

बेल्जियमला येणारे आपले लोक ब्रसेल्स, ब्रूज, चॉकलेट, वॉफल एवढं करतात, ज्यांना इतिहासाची आवड आहे ते ईपरला मेनिन गेट हे पहिल्या महायुद्धाचं स्मारक बघतात आणि तिथूनच मागे फिरतात. ईपरच्या पुढे साधारण १२ किलोमीटरवर पोपरिंगे म्हणून छोटं गाव आहे, रेल्वे लाइन तिथेच संपते. तिथल्या गॅस्टहाउसस्ट्राट रस्त्यावर ४३ नंबरला टॅल्बट हाउस आहे. म्युझियम पण आहे आणि राहायची सोय पण आहे. मी फिरतो भरपूर पण रिव्ह्यू सहसा लिहीत नाही, इथला मात्र लिहायचाच होता कारण मराठीत याच्याबद्दल मला काहीच सापडलं नाही.

आधी हे घर काय आहे ते सांगतो. पहिल्या महायुद्धात ईपरच्या आजूबाजूला चार वर्षं खंदकांची लढाई चालली आणि पोपरिंगे त्या आघाडीच्या थोडं मागे, ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. सैनिक त्याला नुसतं पॉप म्हणायचे. आघाडीवर जाणारा आणि परत येणारा प्रत्येक जण इथूनच जायचा त्यामुळे गावात तुफान गर्दी, दारूचे अड्डे आणि बाकीचे धंदे पण जोरात. अशा ठिकाणी नेव्हिल टॅल्बट आणि फिलिप क्लेटन या दोन लष्करी पाद्र्यांनी एका हॉप (बिअरमध्ये घालतात ती फुलं) व्यापाऱ्याचं घर भाड्याने घेतलं आणि ११ डिसेंबर १९१५ ला सगळ्यांसाठी उघडलं. घराला नाव दिलं नेव्हिलच्या धाकट्या भावाचं, लेफ्टनंट गिल्बर्ट टॅल्बटचं, तो त्याच वर्षी ३० जुलैला ईपरजवळच्या हूगला मारला गेला होता. क्लेटनला सगळे टबी म्हणायचे, बुटका गोल माणूस, आवाज मोठा, आणि घर खऱ्या अर्थाने त्यानेच चालवलं.

मी बाबांना घेऊन गेलो होतो. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेत, ट्रेनिंग बेळगावला, त्यामुळे छावणीतलं आयुष्य त्यांना पाठ आहे. मला जे नुसतं जुनं घर दिसत होतं त्यात त्यांना भलत्याच गोष्टी दिसत होत्या, आणि या रिव्ह्यूतलं निम्मं खरं तर त्यांचंच आहे.

आत शिरल्या शिरल्या चहा देतात. तिकिटात असतो, दुधाचा इंग्लिश चहा, आणि घराच्या किचनमध्ये किंवा बागेत बसून प्यायचा. देणारे सगळे स्वयंसेवक, बरेचसे इंग्लंडहून येतात, काही दिवस राहून घर सांभाळतात आणि परत जातात. आम्हाला ज्या आजींनी चहा दिला त्यांना बाबा फौजेतले आहेत कळल्यावर त्या कप खाली ठेवून समोर येऊन बसल्या आणि कुठली रेजिमेंट, किती वर्षं सर्व्हिस, कुठे कुठे पोस्टिंग सगळं विचारलं. गाइडने पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसलं इथे काही नाही. तळमजल्यावर पियानो आहे आणि वाजवायला कुणाची परवानगी लागत नाही, आम्ही होतो तेव्हा एक शाळकरी पोरगा वाजवत होता आणि बाकीचे गप्पा मारत होते, कुणी शू शू करत नव्हतं.

भिंतींवर टबीने लावलेल्या पाट्या आहेत आणि त्या वाचण्यातच मजा आहे. दाराकडे बोट दाखवणारी एक पाटी म्हणते निराशावाद्यांनी इकडून बाहेर पडावं. दुसरी म्हणते घरी कार्पेटवर थुंकायची सवय असेल तर इथे पण खुशाल थुंका. विचार करा, हे वाचणारा पोरगा आदल्या रात्री खंदकात गुडघाभर चिखलात उभा होता, त्याला सहा महिने फक्त ऑर्डर ऐकायची सवय, आणि इथे कुणीतरी त्याच्याशी घरच्यासारखी थट्टा करतंय. बागेत जायच्या वाटेवर पण पाटी आहे, बागेत या आणि युद्ध विसरा. बाग खरंच मोठी आहे, रस्त्यावरून अंदाज येत नाही.

टबीच्या खोलीच्या दारावरची पाटी सगळ्यात महत्त्वाची. आत येणाऱ्याने आपली रँक बाहेर ठेवून यावं अशा अर्थाची. १९१५ च्या ब्रिटिश आर्मीत ही साधी गोष्ट नव्हती, तिथे ऑफिसरांचे क्लब वेगळे, जवानांचे वेगळे, आणि इथे जनरल आणि प्रायव्हेट एकाच टेबलावर चहा पितायत. ऑफिसरांकडून मुक्कामाचे पाच फ्रँक घ्यायचे आणि त्यातून साध्या सैनिकांचा खर्च भागवायचा असा टबीचा हिशोब होता. बाबा पाटी वाचून म्हणाले, "आपल्याकडं बडाखान्याला, म्हणजे सगळ्या पलटणीच्या एकत्र जेवणाला, असतंय हे. त्या दिवशी सीओ साहेब स्वतः जवानांना वाढतात. पण ते वर्षातनं कधीतरी, इथं रोज होतं म्हणायचं."

लायब्ररीची पद्धत पण भारी होती. पुस्तक हवं असेल तर टोपी ठेवून जायची. टोपीशिवाय सैनिक रस्त्यावर फिरू शकत नाही, पकडलं तर शिक्षा, त्यामुळे पुस्तक परत येणारच. फ्रेंडशिप कॉर्नर म्हणून एक जागा आहे, तिथे आपलं नाव आणि युनिट लिहून ठेवायचं म्हणजे गावाकडचा मित्र, भाऊ, शेजारी त्या भागात असेल तर त्याला कळायचं. मोबाइल सोडा, ज्या काळात आपला भाऊ जिवंत आहे का हे कळायला आठवडे जायचे तेव्हाची ही सोय आहे. त्या कोपऱ्यापाशी मी बराच वेळ उभा होतो.

आता वरची खोली. घराच्या अगदी वर, जिथे पूर्वी हॉप वाळवायचे त्या माळ्यावर टबीने चॅपल केलं. जिना फार उभा आहे, जवळजवळ शिडीच, दोराला धरून चढावं लागतं, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी आधीच विचार करा. वर गेलं की उतरत्या छपराखाली लाकडी खोली, कमी उजेड, आणि समोर वेदी म्हणून एक सुताराचं काम करायचं टेबल. ते इथल्याच बागेतल्या शेडमध्ये सापडलं होतं. येशू सुताराच्या घरातला, त्यामुळे याच्यापेक्षा योग्य वस्तू दुसरी सापडली नसती. मेणबत्तीचे स्टँड जुन्या पलंगाच्या खांबांचे केलेत. जे मिळालं त्यातून देवघर उभं केलंय आणि ते बघताक्षणी कळतं. हजारो पोरांनी आघाडीवर जायच्या आधी इथे गुडघे टेकले आणि त्यातल्या कितीतरी जणांची ती शेवटचीच प्रार्थना होती. बाबांनी जिन्याच्या खालीच बूट काढले होते. कुणी सांगितलं नव्हतं. वर जाऊन हात जोडून बसले, मी पण बसलो.

नंतर बाबांनी त्यांच्या ट्रेनिंगच्या दिवसांतल्या मंदिर परेडबद्दल सांगितलं. रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून लाइनीत मंदिरात जायचं, पंडितजी आरती सांगणार, नंतर भजन, प्रसाद. परेड म्हणजे परेड, हजेरी लागायची. पण ते म्हणतात त्या वयात घरापासून लांब आलेल्या पोरांना तोच तास घरासारखा वाटायचा, ढोलकी वाजायला लागली की उस्तादची (ट्रेनिंग देणाऱ्याची) भीती जायची. टॅल्बट हाउसमध्ये हजेरी नव्हती हा फरक. खाली चहा, पियानो, पुस्तकं, गप्पा, आणि वरचा जिना ज्याला चढायचा त्याने चढायचा. कुणी नाही चढलं तरी चहा मिळायचाच. मला या घराचं सगळं शहाणपण त्या जिन्यात दिसतं. सैनिकाला देवाकडे ढकललं नाही, आधी त्याला खुर्ची दिली, गरम काहीतरी दिलं, त्याचं नाव विचारलं.

आणि हे किती दुर्मिळ होतं ते कळायला फ्रान्समधलं एताप्ल बघा. तिथे ब्रिटिशांचा प्रचंड मोठा ट्रेनिंग कॅम्प होता, इंग्लंडहून आलेली नवी पोरं आणि जखमेतून बरे झालेले जुने सैनिक सगळ्यांना वाळूत तीच रगडपट्टी, मिलिटरी पोलिसांचा जाच, आणि शेवटी सप्टेंबर १९१७ मध्ये तिथे सैनिकांनी बंड केलं. वायएमसीए या ख्रिश्चन संस्थेच्या झोपड्या होत्या अशा कॅम्पांत, चहा, पत्र लिहायला कागद, प्रार्थना सगळं असायचं आणि त्यांचं काम खरंच मोठं आहे, पण ज्याच्या हातात शिस्त असते त्याने माणूसपण सोडलं की एकटी चहाची झोपडी कुठे पुरणार.

टबीचा ऑर्डर्ली (मदतनीस सैनिक) होता आर्थर पेटिफर, बफ्स रेजिमेंटचा जुना मुरलेला सैनिक. पोरं त्याला लाडाने जनरल म्हणायची. घराचं सामानसुमान, जुळवाजुळव सगळं त्याच्याकडे. प्रदर्शनात त्याचा उल्लेख आहे तो नीट वाचा कारण अशी माणसं इतिहासात सहसा येत नाहीत.

प्रदर्शन मागच्या बाजूला आहे, शेजारच्या हॉपच्या जुन्या गोदामात. तिथेच वर तेव्हाचा कॉन्सर्ट हॉल आहे, सैनिक स्वतःच नाटकं आणि गाण्याचे कार्यक्रम करायचे. माहिती चांगली मांडलीय, इंग्लिशमध्ये सगळं आहे. पण खरं सांगायचं तर माझं मन तिथे घराइतकं रमलं नाही, काचेतल्या वस्तू सगळीकडेच असतात.

आम्ही घरातच राहिलो. रूम साध्या, बाथरूम शेअर करायची, टीव्ही वगैरे नाही, लाकडी फरशी पाऊल टाकलं की वाजते. हॉटेलची अपेक्षा ठेवून जाऊ नका. पण संध्याकाळी बाहेरची मंडळी गेली की घर मुक्कामाच्या लोकांचं होतं, आणि त्याच खुर्च्यांवर बसून अनोळखी लोकांशी बोलणं होतं. आमच्याबरोबर एक इंग्लिश जोडपं होतं, त्यांच्या पणजोबांची कबर जवळच्या लायसेनथूकच्या दफनभूमीत, तिथे १० हजारांहून जास्त कबरी आहेत. त्यांनी बाबांना विचारलं तुमचं कोण होतं का इथे. आमचं कुणी नव्हतं, पण बाबांनी खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचं (लष्कराचे इंजिनिअर सैनिक) सांगितलं, ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या लढाईत ते पायदळाच्या बरोबरीने लढले आणि त्यांचं भयंकर नुकसान झालं. त्या इंग्लिश माणसाला भारतीय इथे लढले हे माहीत होतं पण पुण्याजवळचे होते हे नव्हतं, मग मोबाइलवर नकाशा काढून खडकी दाखवून झाली.

एक गोष्ट मनाला लागते. भारतीय पायदळ १९१५ च्या शेवटी इथून हलवून मेसोपोटेमियाला पाठवलं, म्हणजे हे घर उघडलं बरोबर त्याच सुमारास आपली माणसं निघून गेली. युद्धाच्या पहिल्या हिवाळ्याची थंडी त्यांनी काढली, १९१५ च्या एप्रिलमध्ये भारतीय सैन्याच्या लाहोर डिव्हिजनने ईपरजवळ विषारी गॅसचा मारा सोसला, आणि हा चहा, ही खुर्ची त्यांच्या वाट्याला आलीच नाही. म्हणून इथे आलात तर सीमेपलीकडे फ्रान्समध्ये नव्ह शापेलचं भारतीय स्मारक पण करा, ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० हून जास्त भारतीयांची नावं आहेत. ईपरला मेनिन गेटच्या बाजूला तटावर पण भारतीयांचं स्मारक आहे आणि गेटखाली रोज रात्री ८ ला बिगुल वाजतो, १९२८ पासूनची परंपरा आहे ती.

युद्धानंतर घर मालकाकडे परत गेलं, मग १९२९ मध्ये लॉर्ड वेकफिल्ड या ब्रिटिश उद्योगपतींनी दिलेल्या पैशातून विकत घेतलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आले तेव्हा गावकऱ्यांनी घरातलं सामान गुपचूप आपापल्या घरी लपवलं आणि १९४४ मध्ये गाव मोकळं झाल्यावर परत आणून ठेवलं. म्हणजे तुम्ही जे टेबल बघता ते या गावाने जपलेलं आहे.

गावातच टाउन हॉलला कोठड्या आणि गोळ्या घालायचा खांब जपून ठेवलाय, पळून गेल्याबद्दल वगैरे ब्रिटिशांनी स्वतःच्याच सैनिकांना इथे गोळ्या घातल्या. टॅल्बट हाउसपासून चालत काही मिनिटं. दोन्ही बघाच, आणि आधी खांब बघा, घर नंतर.

डे टूरने येऊ नका एवढं कळकळीने सांगतो. आमच्या ओळखीचे एका कंपनीबरोबर आले होते, बस थांबली, फोटो काढा म्हणाले, वरचा जिना चढेपर्यंत हाका सुरू. त्यापेक्षा ईपरहून ट्रेन पकडा, दहा मिनिटांच्या आत पोचता. जेवायला चौकात बरीच ठिकाणं आहेत, व्हेज लोकांना फ्राइज, सूप, चीजवर भागवावं लागेल, आम्ही ठेपले नेले होते आणि सकाळी ब्रेकफास्टला त्या आजींनी पण चाखले. वसंतात गेलात तर हॉपचे कोवळे कोंब मिळतात, इथली खासियत आहे, महाग असतात पण एकदा खा.

माझ्याकडून पाचपैकी पाच. रूम थोड्याच आहेत त्यामुळे आधी बुक करा, ११ नोव्हेंबरच्या (पहिलं महायुद्ध थांबलं तो दिवस) आसपास तर फारच गर्दी असते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर जिन्यांचं बुकिंग करतानाच सांगून ठेवा, आणि गरम कपडे न्या, जूनमध्ये पण संध्याकाळी बागेत गार वाटतं.