गळका पीव्हीसी जोड: इपॉक्सी पुटी की कापून नवा जोड?

खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळ ठेवायच्या मत्स्यटाकीची गळती थेंबाआधी मिठाच्या पांढऱ्या पापुद्र्यातून दिसते. तो गोड्या पाण्याने पुसा, पंप चालू ठेवून टिश्यू फिरवा. ओल उमटेल तिथेच गळतंय.

इपॉक्सी पुटीचा (मळून लावायचा, नंतर कडक होणारा लगदा) फायदा एकच: पाइप कापावा लागत नाही. पंप बंद करा, जोड ८० नंबरच्या पॉलिशपेपरने खरवडा, पुटी एकसारखा रंग येईपर्यंत मळून दाबून बसवा. पण पुटी पीव्हीसीत मुरत नाही, नुसती चिकटते. पंपाच्या थरथरीने कड सुटते आणि पाणी मागून वाट काढतं. रात्री अकराला गळती लागली तर ठीक, कायमची नको.

सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी पाइप जोडायचा गोंद) मात्र दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. म्हणूनच ते जुन्या जोडावर बाहेरून फासणं व्यर्थ. पाइप काटकोनात कापा, कडेचा कीस काढा, पूर्ण कोरडा करा. पाइपला आणि सॉकेटला दोन्हीकडे सिमेंट लावा, पाव फेरा देत आत ढकला आणि ३० सेकंद धरून ठेवा. सोडलं तर पाइप मागे सरकतो. पाणी शक्यतो २४ तासांनी सोडा. कापताच आहात तर तिथे युनियन (पुन्हा खोलता येणारा आट्यांचा जोड) बसवा. पितळी फिटिंग अजिबात नको, त्यातलं तांबं प्रवाळांना मारतं.