जन्मठेप भोगलेला आरोपी आणि आपली जुनी केस: साक्ष द्यावी का?

"त्यानी जनमठेप भोगी लिधी, आते काय?" तळोद्याकडची माझी आत्या म्हणाली. तिच्या पिशवीत १९९६च्या फिर्यादीची झेरॉक्स होती, घडीवर फाटलेली. शेतातल्या घरावर पडलेल्या दरोड्याची केस. आरोपी फरार म्हणून ती पडून राहिली, मधे तो एका खुनात जन्मठेपेला गेला. आता केस उघडली आहे.

अशा घरांनी आधी एकच गोष्ट सरकारी वकिलांना विचारावी: तो आज कैदी आहे की सुटलेला?

कैदी असेल (पॅरोलवर गावात दिसला तरी कैदीच), तर दुसरी शिक्षा कायद्यानेच जन्मठेपेसोबत चालते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४२७(२), नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४६७(२). म्हणजे दहा वर्षं लागली तरी ती वेगळी भोगावी लागत नाहीत. पण जन्मठेप म्हणजे १४ वर्षं नव्हे, ती मरेपर्यंतची असते. १४ वर्षं ही खुनासारख्या गुन्ह्यात सूट मिळण्याआधीची किमान मुदत. सूट सरकार देतं, आणि त्या वेळी कैद्याच्या नावावर आणखी काय आहे हे बघितलं जातं. तिथे आपली केस दिसायला हवी.

जन्मठेप माफ होऊन पुरती संपली असेल, तर सोबत चालायला काही उरत नाही. नवी शिक्षा पहिल्या दिवसापासून मोजतात. वजा होते ती याच केसमधली कच्ची कैद, म्हणजे निकालाआधी तुरुंगात काढलेले दिवस. त्याचा वकील वय आणि तुरुंगातली वर्षं पुढे करणारच, न्यायाधीश त्याचा विचारही करू शकतात. इथे साक्षीला वजन जास्त आणि भीतीही जास्त, कारण तो गावातच आहे. साक्षीदार संरक्षण योजनेत संरक्षणासाठी अर्ज करता येतो. तो आधी करा.

दोन्हीकडे शिक्षा गुन्ह्याच्या वेळच्या कायद्यानेच. दरोड्यात तडजोड होत नाही, समन्स आलं की जावंच लागतं. शिक्षा कमी वाटली तर अपील सरकार करतं. भरपाई अपुरी वाटली तर आपल्याला करता येतं, म्हणून भरपाईचं निकालाआधीच बोलून ठेवा.

मी आत्याला साक्ष दे म्हणालो. तिच्या दादाचं डोकं फुटलं, त्याबद्दल आजवर कुणालाच शिक्षा झालेली नाही. झाली ती दुसऱ्याच्या खुनाची. तळोदा ज्यात येतो तो नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुने कागद धुळ्यात शोधायचेत. सोमवारी आम्ही दोघं निघतोय.