पहिल्या तवाफची सोबत : आमच्या उमराह यात्रा कंपनीविषयी

मक्केत पोहोचलेल्या यात्रेकरूचे पहिले काम म्हणजे तवाफ, काबागृहाभोवती घालायचे सात फेरे. केवळ हजच्या, किंवा हज आणि उमराह (हजच्या ठरावीक दिवसांखेरीजही करता येणारी छोटी यात्रा) एकाच एहरामात, म्हणजे यात्रेसाठी धारण केलेल्या एकाच व्रतस्थ अवस्थेत, करण्याच्या नियतने (संकल्पाने) आलेल्यांच्या या तवाफला ‘तवाफे कुदूम’ म्हणतात. आमच्यासारख्या उमराहला आलेल्यांसाठी उमराहचा तवाफच आगमनाचा तवाफ ठरतो. यात्रा कंपनीची पारख लोक हॉटेल आणि जेवणावरून करतात, पण माझ्या मते ती या पहिल्या तवाफवरून करावी, आणि रत्नागिरीहून आम्हांला नेणाऱ्या कंपनीविषयी मी त्याच दृष्टीने लिहीत आहे.

सोबतच्या मौलानांचे मार्गदर्शन उत्तम होते. जेद्दाहून निघालेल्या बसमध्येच त्यांनी सारे समजावले : हजरे अस्वदच्या (काबाच्या भिंतीतील काळ्या दगडाच्या) कोपऱ्यासमोरच्या हिरव्या दिव्यापासून सुरुवात करावी, काबा डाव्या हाताला ठेवून सात फेरे घ्यावेत, पुरुषांनी उजवा खांदा उघडा ठेवावा आणि पहिले तीन फेरे झपझप चालावेत. हतीम, म्हणजे काबालगतची अर्धवर्तुळाकार भिंतीतली जागा, हा काबागृहाचाच भाग असल्याने त्याच्या आतून गेल्यास तो फेरा धरला जात नाही, हे त्यांनी दोनदा बजावले. आम्ही कोकणी मुसलमान शाफई या धर्मशास्त्रीय पंथाचे. आमच्या मते स्त्री-पुरुषांच्या त्वचेचा स्पर्श झाला, अगदी पत्नीचासुद्धा, तरी वुजू (तवाफसाठी लागणारी, हात-तोंड-पाय धुऊन केलेली शुद्धी) तुटतो, आणि मताफच्या, म्हणजे काबाभोवतीच्या तवाफच्या अंगणातल्या, गर्दीत तो टाळणे जवळजवळ अशक्य. अशा वेळी अनेक शाफई आलिम (धर्मपंडित) हनफी या दुसऱ्या पंथाच्या मतानुसार, ज्यात अशा स्पर्शाने वुजू तुटत नाही, चालण्याची मुभा देतात, हे त्यांनी आम्ही विचारण्याआधीच सांगितले, त्यामुळे बायकांच्या मनावरचे मोठे ओझे उतरले.

व्हीलचेअरच्या बाबतीत मात्र कंपनीने आम्हांला निराश केले. बुकिंगच्या वेळी ‘आईची काळजी करू नका’ असे आश्वासन मिळाले होते; हरमच्या, म्हणजे काबाभोवतीच्या मशिदीच्या, दाराशी आल्यावर व्हीलचेअर तुमची तुम्ही बघा, असे उत्तर मिळाले. ती मिळेपर्यंत आमचा गट खाली मताफमध्ये उतरला होता. आम्हांला वरच्या मजल्यावर जावे लागले, जिथे एकेक फेरा खालच्यापेक्षा कितीतरी लांब पडतो, आणि मौलाना सोबत नव्हते. त्यांनी बसमध्ये वाटलेली सात मण्यांची दोरीच तेवढी हाताशी होती. प्रत्येक फेऱ्याला आई एक मणी अंगठ्याने पुढे सरकवत होती. चौथा झाला की पाचवा, याविषयी आम्हां दोघांत शंका निघाली, तेव्हा शंका आल्यास कमी आकडा धरावा हे मौलानांचे सांगणे आठवून तिने एक मणी मागे घेतला आणि कठड्यापलीकडे दिसणाऱ्या काबाकडे पाहत पुन्हा दुआ सुरू केली.

मकामे इब्राहिमच्या (काबाजवळच्या, हजरत इब्राहिम ज्यावर उभे राहिल्याचे मानतात त्या दगडाच्या) दिशेने दोन रकात नमाज पढून आणि झमझम विहिरीचे पाणी पिऊन आम्ही सईला, म्हणजे सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सात खेपांना, गेलो, तेव्हा मौलाना सफापाशी आमची वाट पाहत उभे होते. पुढच्या सातही खेपांत आईची व्हीलचेअर त्यांनीच ढकलली. त्यांच्यासाठी मी या कंपनीसोबत पुन्हा जाईन, मात्र त्या वेळी व्हीलचेअरची जबाबदारी कोणाची आणि तिचे पैसे किती, हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम भरणार नाही.